कळ आणि कळणे

खंडेनवमीच्या दिवशी नाशिकमधल्या सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींतून फिरले, तर प्रत्येक शेडच्या दारातून झेंडूचा आणि उदबत्तीचा वास येतो. लेथ, मिलिंग, प्रेस, हातगाडी, अगदी पान्यांची पेटीसुद्धा त्या दिवशी पुसूनपासून, हळद-कुंकू लावून सजवलेली असते. १९९८ साली मी ज्या कारखान्याच्या देखभाल विभागात होतो, तिथल्या वेल्ड शॉपमध्ये पहिला रोबो येऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. पूजेची थाळी घेऊन आलेला एक जुना वेल्डर कुंपणाच्या दाराशी थांबला आणि त्याने मला विचारले, "साहेब, याला कुंकू लावायचं तरी कुठं?" लेथला पुढची बाजू असते, प्रेसला कपाळ म्हणता येईल असा वरचा भाग असतो, ट्रकला बॉनेट असते. या यंत्राला तोंडच नव्हते. जमिनीत बोल्टने आवळलेला एक खांदा, एक कोपर आणि एक मनगट, एवढेच त्याचे शरीर. थोडा विचार करून त्याने मनगटाला कुंकू लावले आणि माळ कोपरावर टाकली.

निवृत्तीनंतर सवड मिळाली, तेव्हा मी या यंत्राच्या वंशावळीचा शोध घेत बरेच वाचन केले आणि त्या वेल्डरने कुंकवाची जागा अचूक निवडली होती, असे माझे मत बनत गेले. रोबो म्हटले की चित्रांत आणि जाहिरातींत दोन डोळ्यांचा, चकाकत्या चेहऱ्याचा पुतळा दिसतो; पण या यंत्राचा खरा इतिहास चेहऱ्याचा नसून हाताचा आहे, आणि त्यातही तो हात काय करतो यापेक्षा त्या हाताला काय कळते, याचा आहे. मराठीत यंत्राची खिट्टी म्हणजे कळ आणि उमगणे म्हणजे कळणे. हे दोन शब्द इतके शेजारी बसलेले पाहून मला नेहमी गंमत वाटते, कारण पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत यायला यंत्राला दोन हजार वर्षांहून अधिक काळ लागला आहे आणि तो प्रवास अजून संपलेला नाही.

आपल्याकडे लग्नाच्या मुहूर्तासाठी घंगाळात घटिकापात्र सोडत असत. तळाला बारीक छिद्र असलेली ती वाटी २४ मिनिटांत भरून बुडते आणि ती बुडाली की कोणीतरी ती उचलून रिकामी करून पुन्हा पाण्यावर ठेवावी लागते. म्हणजे घड्याळ पाण्याचे असले, तरी त्याची जाग माणसाकडे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया शहरात क्तेसिबिओस नावाच्या कारागिराने पाणघड्याळात एक तरंगता गोळा बसवला. वरच्या भांड्यातली पातळी वाढली की गोळा वर उचलला जाऊन पाण्याची वाट बंद करी, पातळी उतरली की वाट मोकळी होई आणि त्यामुळे खालची धार कायम एकसारखी राही. हीच युक्ती आज आपल्या गच्चीवरच्या टाकीत प्लास्टिकच्या चेंडूच्या रूपाने दिवसरात्र राबते आहे, आणि तो चेंडू अडकून टाकी वाहू लागेपर्यंत तिची कोणाला आठवणही होत नाही. माझ्या मते रोबोच्या इतिहासाचे पहिले पान इथे उघडते, कारण यंत्राने स्वतःच्या स्थितीची दखल घेऊन स्वतःचे वागणे बदलण्याचे इतके जुने दुसरे उदाहरण मला आढळलेले नाही.

त्याच शहरात इसवी सनाच्या पहिल्या शतकात हेरॉन नावाचा यंत्रज्ञ होऊन गेला. नाणे टाकले की ठरावीक पाणी देणारे देवळातले यंत्र त्याच्या नावावर प्रसिद्ध आहे, पण मला त्याचा गाडा अधिक महत्त्वाचा वाटतो. या गाड्याच्या आत धान्याने भरलेल्या नळकांड्यावर एक वजन ठेवलेले असे. खालच्या भोकातून धान्य हळूहळू झिरपे, वजन खाली येई आणि त्याला बांधलेली दोरी चाकाच्या आसावरून उलगडत जाऊन गाडा चाले. खरी मेख त्या दोरीच्या गुंडाळण्यात होती. आसावर खुंट्या मारून दोरी मध्येच उलट दिशेने गुंडाळली तर गाडा मागे येई, दोरीला ढिला वेढा सोडला तर तो तेवढा वेळ थांबे. यंत्र तेच ठेवून फक्त दोरी वेगळी गुंडाळायची आणि त्याच्याकडून वेगळे काम करून घ्यायचे, याला आज आपण प्रोग्रॅम बदलणे म्हणतो.

आपल्या बाजूलाही अशी यंत्रे कल्पिलेली होती. धारचा राजा भोज याच्या नावावर असलेल्या अकराव्या शतकातील 'समराङ्गणसूत्रधार' या वास्तुग्रंथात यंत्रांवर एक स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यात दारावर पहारा देणारे लाकडी पुरुष, नाचणाऱ्या पुतळ्या, पाऱ्याच्या जोरावर उडणारा लाकडी पक्षी असे बरेच काही येते. मात्र त्याच अध्यायात असेही म्हटले आहे की यंत्रांची घडण मुद्दामच सांगितलेली नाही. अज्ञान हे त्याचे कारण नसून गुप्तता हे कारण आहे. आयुष्यभर ड्रॉइंग हातात धरून यंत्रे दुरुस्त केलेल्या माझ्यासारख्या माणसाला हे वाक्य वाचून हळहळ वाटते. याउलट, आजच्या तुर्कस्तानातील दियारबकीर इथल्या दरबारात चाकरीला असलेल्या अल-जझारीने १२०६ साली पूर्ण केलेल्या ग्रंथात सुमारे ५० यंत्रे आकृत्यांसह आणि मापांसह मांडली. मेजवानीच्या वेळी तळ्यात सोडायची, चार वादक पुतळ्यांची नाव त्यात आहे. फिरत्या दांड्यावरच्या खुंट्या तरफांना आपटून त्या वादकांचे हात हलवीत. त्याने लिहून ठेवलेले इतके नेमके होते की १९७६ साली लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये त्याचे एक मोठे पाणघड्याळ पुन्हा उभारता आले. भोजाचा पक्षी मात्र आपल्याला अभिमानापुरताच उरला.

युरोपात अठराव्या शतकात घड्याळजींच्या हाती ही कला गेली आणि चेहऱ्यांचे युग सुरू झाले. स्वित्झर्लंडमधील जाके-द्रो कुटुंबाने १७६८ ते १७७४ या काळात तीन पुतळे तयार केले. त्यांतला लिहिणारा मुलगा सुमारे ६,००० भागांचा असून, चाकावरची चकत्यांची मांडणी बदलून त्याच्याकडून ४० अक्षरांपर्यंतचा कोणताही मजकूर लिहून घेता येतो. तो दौतीत पीस बुडवतो आणि शाई झटकतोसुद्धा. नशातेल गावच्या संग्रहालयात तो आजही चालू स्थितीत आहे. जपानमध्ये त्याच सुमारास पाहुण्यांपुढे चहाचा पेला घेऊन जाणाऱ्या आणि पेला उचलताच थांबणाऱ्या बाहुल्या होत्या. या सगळ्या कारागिरीला माझा मनापासून नमस्कार आहे, पण माझ्या कथेचा नायक वेगळा आहे.

त्याचे नाव झाक दे व्होकांसाँ. या फ्रेंच माणसाने १७३८ साली पॅरिसमध्ये खरोखर फुंकून बासरी वाजवणारा पुतळा दाखवला, ज्याच्या पोटात भाते होते आणि ओठ व बोटे हलत होती. पुढच्या वर्षी त्याने एक बदक आणले, जे दाणे खाई, पंख फडफडवी आणि थोड्या वेळाने शिटतही असे. त्याच्या एकेका पंखात ४०० हून अधिक भाग होते. पचनाचा भाग मात्र निव्वळ हातचलाखी होती. खाल्लेले दाणे एका कप्प्यात पडत आणि आधीच भरून ठेवलेला लगदा दुसऱ्या कप्प्यातून बाहेर येई. याच माणसाला १७४१ साली फ्रान्सच्या रेशीम उद्योगाचा निरीक्षक नेमण्यात आले आणि बदके सोडून त्याने मागात लक्ष घातले. त्याने आणू पाहिलेल्या नव्या नियमांविरुद्ध ल्यों शहरातल्या विणकरांनी १७४४ साली उठाव केला, तरीही त्याने १७४५ च्या सुमारास छिद्रांच्या साहाय्याने नक्षी विणणारा माग तयार केला. तो लोकांनी स्वीकारला नाही आणि पॅरिसच्या संग्रहात धूळ खात पडला. अर्ध्या शतकानंतर जोसेफ मारी जाकारच्या हाती तो लागला आणि १८०४ साली जाकारने एका साखळीत ओवलेल्या छिद्रांच्या पुठ्ठ्यांवर चालणारा आपला माग सिद्ध केला. जिथे छिद्र तिथे सुई आत जाते आणि ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उचलला जातो. जिथे छिद्र नाही तिथे धागा खालीच राहतो. नक्षी बदलायची तर पुठ्ठ्यांची माळ बदलायची. १८३९ साली जाकारचे एक रेशमी चित्र विणले गेले, त्यासाठी सुमारे २४,००० पुठ्ठे लागले होते आणि त्याची एक प्रत गणकयंत्राची स्वप्ने पाहणाऱ्या चार्ल्स बॅबेजने आपल्या घरी लावली होती. हेरॉनच्या दोरीपासून जाकारच्या पुठ्ठ्यापर्यंत एक सरळ रेघ जाते, आणि त्या रेघेवर बदक कुठेच बसत नाही. व्होकांसाँने सजीवाची नक्कल करणे सोडले, तेव्हाच त्याच्या हातून टिकाऊ काम घडले.

आमच्या जिल्ह्यात मालेगावचे यंत्रमाग आहेत आणि येवल्याचे हातमागही आहेत, त्यामुळे या गोष्टीचा दुसरा भाग मला घरबसल्या पाहायला मिळतो. येवल्याच्या एका कारागिराकडे मी एक दुपार बसलो होतो. काठाच्या नक्षीसाठी जाकार लावलेले माग आता येवल्यालाही दिसतात. पण पारंपरिक पैठणीच्या पदरावरचा मोर विणताना प्रत्येक रंगासाठी रेशमाची स्वतंत्र छोटी कांडी असते आणि विणकर ती बोटांनी ताण्याच्या ठरावीक धाग्यांमधून घालून शेजारच्या रंगात अडकवून परत घेतो. म्हणूनच अशा पदराची मागची बाजूही पुढच्याइतकीच स्वच्छ दिसते. मी त्याला धागे मोजता का, असे विचारले. तो म्हणाला, "मोजतो ना, पण मोजत नाही." हे वाक्य मी तेव्हा हसून सोडून दिले होते, त्याच्याकडे पुढे पुन्हा यावे लागणार आहे.

अठराव्या शतकातल्या आणखी एका यंत्राचा उल्लेख टाळता येत नाही. १७७० साली व्हिएन्नाच्या दरबारात फोन केंपेलेनने पगडीधारी पुतळा आणला, जो बुद्धिबळ खेळे आणि बहुतेकांना हरवी. १८०९ साली नेपोलियनही त्याच्यासमोर बसला. पेटीचे दरवाजे उघडून आतली चक्रे सर्वांना दाखवली जात, पण सरकत्या आसनावर एक पट्टीचा बुद्धिबळपटू आत दडलेला असे. म्हणजे हात यंत्राचा आणि डोके माणसाचे. १९९७ साली आयबीएमच्या डीप ब्लू या संगणकाने जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवले, तेव्हा पटासमोर आयबीएमचाच एक माणूस बसून संगणकाने सांगितलेली सोंगटी उचलून ठेवत होता, म्हणजे डोके यंत्राचे आणि हात माणसाचा. सव्वादोनशे वर्षांत बाजू नेमक्या उलटल्या होत्या. डोके तयार करणे अवघड आणि हात तयार करणे सोपे, असा जो समज आपण बाळगून होतो, तो या दोन चित्रांपुढे टिकत नाही.

'रोबो' हा शब्द पुष्कळ उशिरा आला. कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या नाटकात तो प्रथम आला आणि तो सुचवला होता त्याच्या भावाने, चित्रकार योसेफने. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे जमीनदाराच्या शेतावर कुळाने सक्तीने करायचे काम. इंग्रजीतून हा अर्थ समजावून घेताना लोकांची दमछाक होते. मराठी माणसाला मात्र तो एका शब्दात कळतो, तो शब्द म्हणजे वेठ. त्या नाटकातले रोबो धातूचे नव्हतेच, ते रसायनांतून बनवलेले हाडामांसाचे वेठबिगार होते. तरीही पुढच्या पिढ्यांनी शब्दातली वेठ विसरून पत्र्याचा पुतळा तेवढा लक्षात ठेवला. न्यूयॉर्कच्या १९३९ सालच्या जागतिक प्रदर्शनात एक सात फुटी पुतळा सिगारेट ओढून आणि तबकडीवर आधी ध्वनिमुद्रित केलेली वाक्ये ऐकवून गर्दी खेचत होता. व्होकांसाँच्या बदकाचाच तो थोरला भाऊ म्हणायचा.

कामाचा रोबो ज्या घरात जन्मला तिथे एकही पुतळा नव्हता. जॉर्ज डेव्होल या अमेरिकी संशोधकाने १९५४ साली पेटंटसाठी अर्ज केला, तो वस्तू एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवणाऱ्या, आणि कोणत्या क्रमाने ठेवायचे ते लक्षात ठेवणाऱ्या यंत्राचा होता. पेटंट १९६१ साली मिळाले. मध्यंतरी, १९५६ साली, एका मेजवानीत त्याची गाठ जोसेफ एंगेलबर्गर या अभियंत्याशी पडली आणि दोघांनी मिळून युनिमेट तयार केला. सुमारे १,८०० किलो वजनाचा, तेलाच्या दाबावर चालणारा आणि चुंबकीय ड्रमवर हालचाली साठवणारा हा हात १९६१ साली न्यू जर्सीतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात डाय कास्टिंग यंत्रासमोर, म्हणजे वितळलेला धातू साच्यात दाबून भाग बनवणाऱ्या यंत्रासमोर, उभा राहिला. तापलेले भाग साच्यातून काढून पुढे ठेवणे हे त्याचे काम होते. ज्याने सातपूरच्या एखाद्या डाय कास्टिंग शेडमध्ये मे महिन्यातली एक पाळी काढली आहे, त्याला पहिल्या रोबोला हेच काम का दिले गेले ते विचारावे लागणार नाही. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. भट्टीपाशी उभ्या माणसाच्या दंडावर वितळलेल्या धातूच्या शिंतोड्यांचे डाग असतात आणि दर मिनिटाला तीच वाकण्याची हालचाल तो आठ तास करतो. चापेकच्या शब्दातली वेठ होती ती हीच.

त्यानंतरची दोन दशके वेगाने गेली. कावासाकीने परवाना घेऊन १९६९ साली जपानमध्ये युनिमेट बनवायला सुरुवात केली. त्याच वर्षी स्टॅनफर्डमध्ये व्हिक्टर शाइनमनने विजेच्या मोटारींवर चालणारा आणि संगणकाच्या हुकमतीतला सहा सांध्यांचा हात तयार केला. १९७३ साली जर्मनीत कुका कंपनीने आणि १९७४ साली स्वीडनमध्ये आसेआ कंपनीने विजेवर चालणारे हात बाजारात आणले; आसेआच्या हाताला मायक्रोप्रोसेसर होता. तेलाची जागा विजेने घेतल्याचे महत्त्व पुस्तकांत दोन ओळींत आटोपतात, पण ज्याने हायड्रॉलिकची गळती पुसत रात्रपाळ्या काढल्या आहेत त्याच्या दृष्टीने ती एक क्रांतीच होती.

आमच्याकडे आलेला हात याच कुळातला होता. मोटारीच्या सांगाड्यात पत्र्याचे तुकडे जोडणारे चार-पाच हजार स्पॉट, म्हणजे वेल्डिंगचे ठिपके, असतात. बॅलन्सरला टांगलेली जड स्पॉट गन ओढत माणूस ते मारतो आणि संध्याकाळपर्यंत त्याचा खांदा भरून येतो. रोबोला शिकवायचे म्हणजे हातात टीच पेंडंट, म्हणजे हालचाली शिकवायचा रिमोट, घेऊन, एकेक सांधा हलवून, गन हव्या त्या जागी न्यायची, ती जागा नोंदवायची आणि पुढच्या जागेकडे वळायचे. एकदा शिकवले की तो मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकीही चूक न करता लाखो वेळा तिथेच परत जातो. आम्ही सारे भारावून गेलो होतो. मग एके दिवशी प्रेस शॉपकडून आलेल्या पत्र्यांच्या एका लॉटमध्ये घडी थोडी वाकडी आली. हाताने स्पॉट मारणाऱ्याने पहिल्याच नगाला शिवी हासडून पत्रा गुडघ्याने सरळ केला असता. रोबोने मात्र सहा-सात सांगाड्यांवर निष्ठेने, काटेकोरपणे, जिथे पत्राच नव्हता तिथे स्पॉट मारले आणि शेवटी इलेक्ट्रोडची टोके पत्र्याला चिकटून बसली, तेव्हा अख्खा पत्रा तो धरून ठेवणाऱ्या फिक्श्चरमधून उचकटून सोबत ओढत नेला. रात्री तो गोंधळ निस्तरत असताना तोच वेल्डर म्हणाला, "साहेब, याला जागा ठाऊक आहे, पत्रा ठाऊक नाही." रोबोशास्त्राच्या पुढच्या संशोधनाचा सारा विषय त्या एका वाक्यात आला होता, हे मला पुष्कळ नंतर उमगले.

माणूसही त्याला ठाऊक नसतो, हे अधिक गंभीर. २५ जानेवारी १९७९ रोजी अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या एका कास्टिंग कारखान्यात मांडणीवर चढून भाग काढणाऱ्या कामगाराला यांत्रिक हाताने मागून धडक दिली आणि तो जागीच गेला. रोबोमुळे झालेला हा पहिला नोंदलेला मृत्यू मानतात. रोबोभोवती जाळीचे कुंपण, दाराला इंटरलॉक आणि दार उघडताच वीज बंद, हा शिरस्ता सगळीकडे कडक का झाला, ते यावरून समजते. कुंकू लावायला आलेला वेल्डर दाराशी थांबला होता तो याचमुळे.

कळण्याची वाट चोखाळणारे लोक कारखान्यांच्या बाहेर होते आणि त्यांची गती फार संथ होती. १७८८ साली जेम्स वॅटने वाफेच्या इंजिनाला फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर लावला. इंजिन जोरात पळाले की गोळे फाकून वाफ कमी करीत. आमच्या भागातल्या शेतकऱ्यांनी डिझेल इंजिनावर याच कुळातला गव्हर्नर वर्षानुवर्षे वापरला आहे. पुढे १९४८-४९ मध्ये ब्रिस्टलमध्ये ग्रे वॉल्टर या मेंदूशास्त्रज्ञाने एल्मर आणि एल्सी नावाची दोन यांत्रिक कासवे बनवली. प्रत्येकात दोनच व्हॉल्व्ह, म्हणजे इलेक्ट्रॉनिक निर्वात नळ्या, होत्या, पण ती उजेडाकडे जात, अडथळ्याला धडकली की वळसा घालीत आणि बॅटरी उतरू लागली की आपल्या घरट्यात जाऊन ती भरून घेत. मला बासरीवाल्या पुतळ्यापेक्षा ही कासवे थोर वाटतात. १९६६ ते १९७२ या काळात कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत शेकी नावाचा चाकांवरचा रोबो होता, जो कॅमेऱ्याने खोली पाहून स्वतः बेत आखी आणि ठोकळे ढकली. एकेका हालचालीला त्याला बराच वेळ लागे. मार्ग शोधण्यासाठी त्या गटाने १९६८ साली मांडलेली गणिती पद्धत मात्र अजरामर झाली. द्वारका चौकातली कोंडी चुकवून मोबाइलवरचा नकाशा आपल्याला भलत्याच गल्लीतून नेतो, तेव्हा त्यामागे असते ते त्याच घराण्यातले गणित.

मग १९८८ साली रोबोशास्त्रज्ञ हान्स मोराव्हेकने जे लिहिले, त्याचा मतितार्थ असा की बुद्धिमापनाच्या चाचणीत किंवा पटावरच्या खेळात यंत्राला प्रौढ माणसाइतके हुशार करणे तुलनेने सोपे आहे, पण पाहणे आणि वावरणे यांत वर्षभराच्या बाळाइतकी समज त्याला देणे महाकठीण आहे. येवल्याच्या विणकराचे "मोजतो, पण मोजत नाही" हे उत्तर मला इथे आठवले. बोटांना जे येते ते डोक्याला मांडता येत नाही, आणि जे मांडता येत नाही ते पेंडंटवर शिकवता येत नाही.

अलीकडच्या यंत्रांविषयी रोज वाचायला मिळते, म्हणून त्यांत मी फार रमत नाही. होंडाचा दोन पायांचा रोबो असिमो २००० साली चालून दाखवू लागला आणि पुढे निवृत्तही झाला. घरातली जमीन झाडणारी तबकडी २००२ साली आली. २००४ साली वाळवंटातल्या स्वयंचलित गाड्यांच्या शर्यतीत एकही गाडी शेवटापर्यंत पोहोचली नाही आणि पुढच्याच वर्षी २१२ किलोमीटरचा मार्ग स्टॅनफर्डच्या गाडीने पार केला, हा टप्पा मात्र खरोखर मोठा होता. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान उतरल्यानंतर २६ किलोचा प्रज्ञान चंद्रावर फिरला, तेव्हा आमच्या सोसायटीत पेढे वाटले गेले.

आकडे सांगायचे तर २०२३ च्या अखेरीस जगातल्या कारखान्यांत सुमारे ४२ लाख ८० हजार रोबो काम करीत होते. त्या एका वर्षात चीनने २ लाख ७६ हजारांहून अधिक नवे रोबो बसवले आणि भारताने ८,५१०. आपला आकडा मागच्या वर्षाच्या दीडपटीहून अधिक होता, तरी ही तफावत नजरेत भरतेच. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती केरळमधली एक घटना. २०१८ साली तिथल्या तरुण अभियंत्यांनी बनवलेला बँडिकूट हा रोबो तिरुवनंतपुरममध्ये मॅनहोल साफ करण्यासाठी उतरवला गेला. हाताने मैला साफ करून घेण्यास बंदी घालणारा आणखी एक कायदा २०१३ साली झाला, तरी माणसे गटारात गुदमरून मरतच होती. 'रोबोटा' या शब्दाचा खरा उतारा शोधायचा, तर तो या यंत्रात सापडतो. ते सगळ्या शहरांत का पोहोचलेले नाही, हा प्रश्न यंत्रशास्त्राचा नाही.

कुंपणही आता काही ठिकाणी निघू लागले आहे. डेन्मार्कच्या एका कंपनीने २००८ साली माणसाच्या शेजारी उभा राहून काम करणारा हलका हात विकायला सुरुवात केली. सांध्यांवरचा जोर अपेक्षेपेक्षा वाढला की कशाला तरी धक्का लागला, असे ओळखून तो थांबतो. गेल्या वर्षी अंबडच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी असा हात पाहिला. तिथल्या मुलाने पेंडंटला हात न लावता त्याचे मनगट धरले आणि आपल्या मुलाला श्री गिरवायला शिकवावे तसे त्याला वळण दाखवले. मग त्याने मला म्हटले, "काका, आडवा हात घाला, काही होत नाही." तीस वर्षांची सवय अशी की माझा हात पुढे जाईना. शेवटी घातला, आणि त्या यंत्राने हळूच थबकून वाट पाहिली. क्तेसिबिओसचा तरंगता गोळा इथवर आलेला होता.

मात्र त्याच महिन्यात मी दिंडोरीजवळच्या माझ्या मेहुण्यांच्या द्राक्षबागेत गेलो होतो. ऑक्टोबर छाटणी होऊन घड धरले होते आणि विरळणी चालू होती. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या बायकांची टोळी मांडवाखाली वर हात करून उभी होती. घडातली कोणती पाकळी, म्हणजे घडाची छोटी फांदी, ठेवायची, कोणते मणी कात्रीने काढायचे, आत हवा खेळेल एवढी जागा कुठे करायची, हे प्रत्येक घडाला वेगळे असते. निर्यातीच्या मण्याला १८ मिलिमीटरची फुगवण हवी, म्हणून दाटी चालत नाही. आणि राहणाऱ्या मण्याला कात्रीचे टोक लागले तर तो सडून शेजारच्यांनाही सडवतो. मी घड्याळ लावून पाहिले, तेव्हा एका घडाला त्यांना मिनिटही लागत नव्हते आणि त्या वेळात त्यांच्या गप्पाही थांबलेल्या नव्हत्या. मेहुणे मला म्हणाले, "भाऊजी, एवढे रोबो दुरुस्त केलेत तुम्ही, या कामाला एखादं मशीन काढा ना. मजूर मिळत नाहीत हो आता." मी एक कात्री मागून घेतली आणि एक घड विरळून पाहिला. शेजारच्या वेलीखालच्या आजीबाईंनी तो तळहातावर घेऊन फिरवून पाहिला, आतले दोन मणी काढले आणि हसून म्हणाल्या, "दादा, बाहेरून बरा केलास, आत नाही कळलं तुला."